सूर्याकडे पाठ करणाऱ्या बाई

"पाठ करा! आधी सूर्याकडे पाठ करा!"

बाई मला उद्देशून बोलल्या ते हे पहिलं वाक्य. डिसेंबरची सकाळ होती आणि सूर्यग्रहण लागलेलं होतं. आम्ही वारज्याच्या सोसायटीत राहायला येऊन महिनाही झाला नव्हता. मी पार्किंगमध्ये उभी राहून नवऱ्याचा जुना एक्स-रे डोळ्यांसमोर धरून वर बघायच्या तयारीत होते. मागून एक हात आला आणि एक्स-रे घेऊन गेला.

"कोणाची फुप्फुसं ही?"

"मिस्टरांची."

"छान आहेत. जपून ठेवा. पण यातून सूर्य बघितलात तर डोळे जातील, आणि मग ही फुप्फुसंही दिसणार नाहीत. पाठ करा."

मी पाठ केली. समोर कडुनिंबाखाली कोणाची तरी पांढरी गाडी उभी होती. पानांच्या फटींतून तिच्या बोनेटवर ऊन पडलं होतं, पण त्यात नेहमीचे गोल कवडसे नव्हते. शेकडो चिमुकल्या कोरी थरथरत होत्या. बोनेटभर कोणी करंज्या तळायला सोडल्यासारख्या. मी तोंड उघडं टाकून बघत राहिले.

"प्रत्येक फट एकेक सूर्य पाडते," बाई म्हणाल्या. "आता ऑफिसला जा. उशीर झालाय तुम्हाला."

खराडीची कंपनीची बस त्या दिवशी चुकलीच.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील, ज्यांना एकच गोष्ट सांगायची असते आणि ती सांगून कंटाळा म्हणून येत नाही. आमच्याच इमारतीत राहणाऱ्या या बाई एका कॉलेजात भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक होत्या. भिंगं पुसायची, लोलक मांडायचे, तास संपला की सगळं मोजून कपाटात ठेवायचं. ग्रहणाच्या आधी त्या कॉलेजतर्फे लोकांना माहिती द्यायला जात. निवृत्त झाल्यावर कॉलेज सुटलं, माहिती देणं सुटलं नाही. मी एकदा त्यांना 'शिक्षिका' म्हणाले, तर लगेच दुरुस्ती झाली.

"शिकवायचे ते सर. मी मांडायचे. मुलांना विचारा, काय लक्षात राहिलं ते."

त्यांच्या पिशवीत पिठाची चाळणी, एक झारा, काळे कागद आणि पुठ्ठ्याचे ग्रहणचष्मे असत. झाऱ्याच्या भोकांतून उन्हात सावली पाडली की ग्रहणाच्या वेळी प्रत्येक भोकाचा एक सूर्य होतो, म्हणून झारा. एरवी ती पिशवी घेऊन जाताना त्या कोणाकडे तरी लग्नाच्या स्वयंपाकाला निघाल्यासारख्या दिसत.

एका रविवारी मी त्यांच्याबरोबर मंडईत गेले. भाजी घ्यायला, असं मला वाटलं होतं. बाईंनी एका मावशींच्या गाळ्यावरचा सगळ्यात मोठा भोपळा उचलून माझ्या हातात दिला आणि मला दहा पावलं मागे पिटाळलं. "हा सूर्य." मग मावशींच्या हातात एक लिंबू दिलं. "हा चंद्र. एक डोळा मिटा आणि लिंबू डोळ्याजवळ आणा. आणा, आणखी जवळ."

मावशींनी आणलं. भोपळा दिसेनासा झाला, आणि बहुधा मीही.

"अगं बया! एवढंसं लिंबू भोपळ्याला झाकतंय व्हय!"

"हेच ग्रहण."

"मग राहू-केतू?"

"ते रविवारी सुट्टीवर असतात."

आजूबाजूचे गाळेवाले हसले. मावशींनी लिंबू खाली-वर करून भोपळ्याला चार वेळा ग्रहण लावलं आणि सोडवलं. मग शांतपणे विचारलं, "आता सूर्य घरी नेताय, का हितंच ठेवताय?" एवढा वेळ घेतल्यावर तो ठेवून येणं बाईंना बरं दिसेना. पुढचा आठवडाभर आमच्या दोन्ही घरांत भोपळ्याची भाजी, भोपळ्याचं भरीत आणि भोपळ्याचे घारगे झाले.

लोणी काळभोरच्या एका शाळेत त्या बोलत होत्या तेव्हा मागच्या बाकावर एक आजोबा येऊन बसले. म्हणाले, "पर बाई, गिराण लागलं का घरातलं पानी टाकावं लागतं. आमच्यात तसं हाय."

"टाका की. आणि विहिरीतलं?"

"त्याला लागत न्हाय."

"का बरं?"

आजोबांनी विचार केला. "ते खोल हाय."

"मग आपली घागर खड्ड्यात ठेवून बघा पुढच्या वेळी."

सगळ्यात मोठ्याने आजोबाच हसले. जाताना आपण होऊन दोन चष्मे मागून घेतले. परत येताना मी बाईंना म्हणाले, "चांगली जिरवलीत." त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. "मी नाही काही जिरवलं. त्यांच्याच विहिरीचं पाणी त्यांना दाखवलं." तोवर त्या मला 'अगं-तुगं' करायला लागल्या होत्या, आणि गप्पही करायला लागल्या होत्या.

मग ते दिवाळीतलं ग्रहण आलं. लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी, संध्याकाळी, सूर्य ग्रहणातच मावळणार होता. मला सातवा महिना होता. दिवाळीला सासूबाई अकोल्याहून आल्या होत्या आणि त्यांचं एकच म्हणणं होतं, की मी पडदे लावून अंधाऱ्या खोलीत बसायचं, सुई-कात्रीला हात लावायचा नाही.

"हे पाय पोरी, दोन तास बसली तं काय बिघडते?"

बिघडत काहीच नव्हतं, पण मी पेटले. शब्दाला शब्द वाढला. नवरा आकाशकंदिलाची वायर तपासायला म्हणून गॅलरीत गेला तो तिथलाच झाला. मी तडक खालच्या मजल्यावर बाईंकडे गेले. मला वाटलं, आता बाई वर येतील आणि सासूबाईंना दोन शब्द सुनावतील.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. "तुला सासूला हरवायचंय की ग्रहण बघायचंय?"

मी खुर्ची ओढून बसले.

"अंधाऱ्या खोलीत बस म्हणाल्या ना? उत्तम. मला अंधारच हवाय."

चारच्या सुमारास त्या पिशवी घेऊन आमच्या दारात. सासूबाईंना नमस्कार केला आणि म्हणाल्या, "तुमच्या सुनेला एकटीला कंटाळा येईल, मी बसते सोबत. खोलीत जरासुद्धा उजेड येता कामा नये, नाही का?" सासूबाईंना हवं तसं माणूस भेटलं. दोघींनी मिळून पश्चिमेच्या खिडकीला काळे कागद चिकटवले. खोलीत हाताला हात दिसेना.

"आता एक सुई द्या," बाई म्हणाल्या.

"सुई! आज?"

"अहो, मी त्रेसष्ट वर्षांची आहे. मला काय होणार आहे?"

सासूबाईंनी शिवणाचा डबा उघडला. सुई आली. बाईंनी कागदाला एक भोक पाडलं, आणि समोरच्या भिंतीवर पेढ्याएवढा एक उजेडाचा गोल उमटला. थोड्या वेळाने त्या पेढ्याचा कोणीतरी कडेला बारीकसा चावा घेतला. चावा मोठा होत गेला. सूर्य आमच्या भिंतीवर आला होता आणि आम्ही तिघी, मी पलंगावर, बाई स्टुलावर आणि सासूबाई दाराशी, त्याच्याकडे बघत होतो. पोटातलं बाळ लाथा मारत होतं.

अंधारात माणसं मोकळं बोलतात. सासूबाईंना त्यांचं गाव आठवलं. म्हणाल्या, "आमच्या गावात गिराण लागलं का ते लोक येत, 'दे दान, सुटे गिराण' ओरडत. मी नवी नवरी होती. सासू म्हणे, दुरूनच टाक, शिवू नोको. मी सुपातली ज्वारी वरूनच टाको."

भिंतीवरचा चावा आणखी मोठा झाला.

"माझी आजी ओरडायची तसं," बाई म्हणाल्या. "तुमच्या गावात नाही, आमच्या. पदर पसरून दारोदार."

मला वाटलं, आता खिडकीवरचा कागद फाडून बाहेर पळावं. पण बाईंच्या आवाजात राग नव्हता. भिंतीवरच्या सूर्याकडे बघतच त्या सांगत होत्या.

"छप्पन साली वडिलांनी दीक्षा घेतली. आजीला म्हणाले, आता ग्रहणात मागायला जायचं नाही. आजी घाबरली. म्हणाली, अरे, आपण ओरडलो नाही तर ते सुटणार कसं? पुढचं ग्रहण लागलं तेव्हा वडिलांनी तिला अंगणात बसवून ठेवलं. मी जन्मले नव्हते, पण हे इतक्यांदा ऐकलंय की मला दिसतंच. गावात सगळं चिडीचूप. कोणी ओरडेना, कोणी मागेना. आणि तास-दीड तासाने ऊन पडलं. आजी उठून उभी राहिली, वर हात केला आणि म्हणाली, 'अगं बाई, हे तर आपोआपच सुटतंय की!'"

बाई हसल्या. आधी हळू, मग खदखदून. "एवढ्या पिढ्या ओरडल्या हो! आणि ते आपोआप सुटत होतं. आता मी ग्रहण आलं की दारोदार जाते ती हीच बातमी सांगायला."

दाराशी हालचाल झाली. सासूबाई चाचपडत पुढे आल्या, पलंगाच्या कडेला बाईंना अगदी खेटून बसल्या.

"सरका जराशा," त्या म्हणाल्या. "मले तिथून नीट दिसत नाई."

सूर्य मावळेपर्यंत तिघी तशाच बसलो. नंतर सासूबाईंनी डोक्यावरून आंघोळ मात्र केलीच, मलाही करायला लावली. मग चहा केला आणि बाईंना स्वतःच्या हाताने दिला, हाताला हात लागेल असा. बाईंनीही तो घेताना उगाच घाई केली नाही.

जानेवारीत मला मुलगी झाली. बारशाला बाईंनी तिच्या कानात काय सांगितलं ते त्या दोघींनाच माहीत.

गेल्या वर्षी पावसाळा संपता संपता बाई गेल्या. आजार असा नव्हता, दोन दिवसांचा ताप झाला इतकंच. सासूबाईंना फोन करून सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, "एकट्या होत्या का त्या?" मी म्हणाले, नाही, लेक होती जवळ.

त्याआधीच्या आठवड्यात मी बाईंना शेवटचं पाहिलं. सकाळी कंपनीची बस सिग्नलला थांबली होती. फुटपाथवर रस्ता झाडणाऱ्या चार-पाच जणी झाडू टेकवून उभ्या होत्या आणि त्यांच्यामध्ये बाई हात उंच करून आकाशात काहीतरी दाखवत होत्या. मी खिडकीतून मान वाकडी करून पाहिलं. पश्चिमेला, भर उजेडात, अर्धा चंद्र होता, धुतलेल्या कापडाच्या तुकड्यासारखा फिकट. रोज तिथून जाते, पण सकाळी चंद्र असतो हे मला ठाऊकच नव्हतं. त्या बायकांतली एक, हिरवं जॅकेट घातलेली, वर बघत काहीतरी बोलली. त्यावर बाई पोट धरून हसल्या, इतक्या की त्यांना तिच्या खांद्याचा आधार घ्यावा लागला.

सिग्नल सुटला. संध्याकाळी विचारू म्हटलं, ती काय म्हणाली. ते राहूनच गेलं.