निजामभाईंच्या खांद्यावरची साडी

मामा चौकाकडून बाजारात शिरलं की डाव्या हाताला राधेश्याम शेठचं कापडाचं दुकान लागतं. पण जालन्यातल्या आणि आसपासच्या खेड्यांतल्या बाया तिथं शेठसाठी जात नाहीत, निजामभाईंसाठी जातात. शेठलाही ते पक्कं ठाऊक आहे. बाई पायरी चढली की ते स्वतःच म्हणतात, "बसा ताई, निजामभाई मोकळे होऊन राह्यले."

निजामभाई म्हणजे निजामोद्दीन. वय पंचावन्न, दाढी मेंदी लावून लाल केलेली, शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. एकतीस वर्षं झाली, हा माणूस त्या पांढऱ्या गादीवर उभा राहून साड्या दाखवतोय. आता दाखवतो म्हणजे कसा, ते ऐका. घडी उलगडायची, टोक कमरेला खोचायचं, चार बोटांनी भराभरा निऱ्या घालायच्या, पदर खांद्यावरून सोडायचा आणि ताठ उभं राहायचं. खाली काळी पँट, वर चौकडीचा शर्ट आणि त्यावर मोरपंखी पैठणी! दुसऱ्या कुणी केलं असतं तर लोक पोट धरून हसले असते. पण निजामभाईंनी पदर घेतला की माणूस दिसायचा बंद होतो, नुसती साडी दिसते. चेहऱ्यावर ना लटके ना झटके. समोरच्या बाईची उंची आणि रंग एका नजरेत हेरायचा आणि निऱ्या तिच्या मापाच्या घालायच्या. बाई त्यांच्या खांद्याकडे बघता बघता स्वतःलाच बघायला लागते. करून बघा एकदा, मग कळेल किती सोपं आहे ते!

तर अशा या दुकानात मागल्या साली सिनेमावाले आले. प्रियदर्शनी नावाची पुण्याची दिग्दर्शिका, चुणचुणीत पोरगी. तिला बस्त्याचा प्रसंग घ्यायचा होता. आपल्याकडे लग्न ठरलं की सगळं घर मिळून दुकानात जातं, नवरीच्या शालूपासून पाहुण्यांच्या आहेरापर्यंतचं कापड एका बैठकीत घेतं, तोच बस्ता. गादीवर बसायला टेंभुर्णीच्या खऱ्याखुऱ्या बाया जीप करून आणल्या होत्या. पण दुकानातल्या नोकराचं काम करणारा नट ऐनवेळी आलाच नाही. मग शेठनीच निजामभाईंना पुढं ढकललं. "अहो, एकतीस वर्षं जे करून राह्यले तेच करायचं. दुकानाचं नाव होईल, तुमचंबी होईल!"

निजामभाई खुश झाले, खोटं कशाला सांगू. कुणाला आवडणार नाही? कॅमेरा सुरू झाला तसे ते उभे राहिले, पाणी विचारलं, साडी उलगडली, पदर खांद्यावर टाकला. टेंभुर्णीच्या बाया माना पुढं काढून काठ निरखायला लागल्या. उषाबाई नावाची एक म्हातारी तर विसरूनच गेली की हा सिनेमा आहे. "रंग जातो का हो हिचा?" तिनं विचारलं.

"कट!" प्रियदर्शनी हसत जवळ आली. "काका, मस्त. फक्त एवढं सरळ नको. पदर डोक्यावर घ्या, थोडं लाजा, कंबर हलवा. बाया खो खो हसल्या पाहिजेत."

"कशाला हसतीन बाया?"

"विनोदी प्रसंग आहे ना! दुकानातला माणूस साडी नेसतो म्हटल्यावर लोक हसणारच."

निजामभाईंनी एकदा गादीवरच्या बायांकडे पाहिलं. मग पदर उतरवत म्हणाले, "म्याडम, मी रोज दिवसभर साडी खांद्यावर घेतो. आजवर एक बाई हसली न्हाई. इथं मी कंबर हलवली तर उद्या दुकानात हसतीन. अन् बाई माझ्याकडं बघून हसली की मंग तिला साडी दिसत न्हाई, मी दिसतो. माझं काम तिथंच संपलं."

शेठ हळूच म्हणाले, "निजामभाई, दोन मिनिटांचा तर खेळ आहे." निजामभाई साडीची घडी घालत राहिले. आवाज नाही, चिडचिड नाही. पण बिलकुल नाही म्हणजे नाही.

पोरगी काही वाईट नव्हती. तिनं माफी मागितली, आणि दुसऱ्या दिवशी तिचा नट आला. त्याच गादीवर उभं राहून त्यानं पदर घेतला, लाजला, कंबर अशी काही हलवली की टेंभुर्णीच्या बाया एकमेकींच्या अंगावर पडून हसल्या. निजामभाई मागं कापडाच्या थानांपाशी उभे राहून बघत होते. घरी गेल्यावर त्यांनी मैमूनाला, म्हणजे बायकोला, सगळं सांगितलं. ती म्हणाली, "नक्को बोले ना? बराबर किये. अब खाना खाओ."

पण व्हायचं ते झालंच. सिनेमा चालला की पडला देव जाणे, तो तुकडा मात्र घरोघरी मोबाइलवर पोचला. दुकानाची पाटी त्यात ठळक दिसत होती. मग काय! पोरी दुकानात शिरतानाच तोंडाला ओढणी लावायच्या. निजामभाईंनी घडी उलगडली की कुणीतरी फिसकन हसायचं. ज्यानं नकार दिला, त्याच्याच वाट्याला हे हसू यावं! राग येतो की नाही? निजामभाईंना राग नाही आला, त्यांना लाज वाटली, आणि ते जास्त वाईट. एक दिवस त्यांनी माळ्यावरचा प्लास्टिकचा पुतळा खाली आणला, पुसला आणि साड्या त्याला नेसवून दाखवायला लागले. स्वतःच्या खांद्यावर घेणं बंद. पुतळा सगळ्या बायांसाठी एकाच मापाचा, आणि बाया "बघून येतो" म्हणत उठायच्या.

असे तीन महिने गेले. वैशाखात अंतरवाली सराटीच्या कांताबाई लेकीच्या बस्त्याला आल्या. संगं बारा माणसं. नवरी हसरी, हातात मोबाइल. निजामभाईंनी पुतळ्याला एकामागं एक आठ शालू नेसवले, पण नवरीची मान काही हलेना. शेवटी कांताबाई म्हणाल्या, "शालू राहू द्या जरा. आधी आहेराचं उरका."

आहेराच्या साड्या म्हणजे पाहुण्याराहुण्यांना वाटायच्या. त्या कुणी उघडून बघत नाही, गठ्ठा बांधून नेतात. "त्यात काय बघायचं? द्या बांधून," असं म्हणत कांताबाईंनी वरची एक जांभळी साडी धाकट्या जावेच्या मांडीवर टाकली. ही दैवशाला. सकाळपासून चपलांपाशी बसलेली, लेकरं सांभाळत होती. तिनं घडीचा नुसता एक कोपरा उचलला, आत डोकावून पाहिलं आणि परत दाबून ठेवली.

निजामभाईंनी ते पाहिलं, आणि त्यांच्या हातांनी त्यांना काही विचारलंच नाही. साडी उचलली, उलगडली, कमरेला खोचली, निऱ्या घातल्या, पदर खांद्यावर!

"अय्यो, ते व्हिडिओतलं!" नवरी ओरडली आणि मोबाइल वर केला. सगळ्या पोरी हसल्या, कांताबाईसुद्धा. निजामभाईंचे कान तापले. आता साडी फेडली तरी चाललं असतं. संध्याकाळपर्यंत अख्खं अंतरवाली हे बघणार, हे त्यांना कळत होतं.

पण दैवशाला हसत नव्हती. ती उठून गादीपाशी आली होती.

निजामभाई ताठ उभे राहिले. "ताई, तुमी उंच हैत, निऱ्या रुंद घाला. काठ बारीक हाय, मोकळा सोडा पदर, मंग भरून दिसतो. ह्या रंगावर तुमच्या हिरव्या बांगड्या बराबर शोभतेत. हे बघा, पाठीवर असा येईल." आणि ते गोल वळले, शालू दाखवताना वळतात तसेच, हळू.

दैवशालानं पदराला हात लावला. "आमच्या घरात आजवर सात बस्ते झाले," ती म्हणाली, "पण मला साडी कोनी उघडून दाखवली न्हाई. हातात देत गेले, मी नेसत गेले."

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. कांताबाई गठ्ठ्याकडे बघत राहिल्या. नवरीचा मोबाइल हळूहळू खाली आला.

"काका," नवरी म्हणाली, "तो पुतळा बाजूला घ्या. माझा शालू तुमीच नेसून दाखवा."

निजामभाईंनी मान डोलावली. आधी त्यांनी जांभळी साडी उतरवली, काठाला काठ लावून घडी घातली, दोन्ही हातांनी दैवशालाला दिली. मग शालू उचलला.