भंगारातली शेगडी

बांधकामावर काम मागायला आलो होतो. चौकशीसाठी तिथल्या पाळणाघराचा पत्र्याचा दरवाजा मी उघडला, तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते. बांधकामावरच्या बायकांची पाच लेकरं आत झोपलेली. त्यांना सांभाळणारी सुभद्राबाईही भिंतीला टेकून पेंगत होती. इतकी गोड झोप, की दार हळूच लोटून परत जावंसं वाटलं. मग मधोमध निखाऱ्यांचं घमेलं दिसलं.

मी चितेगावच्या एका कारखान्यात बॉयलर सांभाळायचो. बंद खोलीत कोळसा जळला की एक वायू साठतो. त्याला वास नसतो, रंग नसतो. माणूस झोपेत बुडत जातो. मी एकेक लेकरू उचलून बाहेर उन्हात आणलं, बाईंना हाताला धरून उठवलं. सगळ्यात धाकटी रडेपर्यंत मी तिची पाठ चोळत राहिलो. दवाखान्यातून संध्याकाळी सगळे सुखरूप परतले.

बांधकामाच्या इंजिनियरसाहेबांनी खोलीत विस्तव बंद केला. सुभद्राबाई वैजापूरकडची, दुष्काळात गाव सोडून आलेली. ती म्हणाली, "साहेब, पत्र्याखाली लई गारठा हाय. लेकरं न्यावी कुठं?"

धूर बाहेर नेणारी शेगडी करून देतो, असं मी म्हणालो.

पाण्याअभावी कारखान्यातला बॉयलर बंद होता, हात रिकामे होते. भंगारातून कॉम्प्रेसरची टाकी घेतली, म्हणजे हवा साठवायचं जाड लोखंडी पिंप. तिला दार कापलं, आत जाळी बसवली, वर चिमणीला जुना पाइप. बाहेर तापवून आधी तिचा रंग अन् तेल जाळलं.

खोलीत पेटवली, तर सगळा धूर आतच. शेजारी नवं गोदाम उठत होतं. वारा त्याच्या उंच भिंतीवरून खाली यायचा अन् धूर परत ढकलायचा. चिमणी भिंतीच्या वर नेली, टोपी बसवली, पत्र्यात खाली-वर दोन झरोके पाडले.

दुसऱ्या सकाळी मी राखणीला बसलो. टाकी मंद तापली, धूर सरळ वर निघून गेला. झोळ्या हलत होत्या. बाहेर काँक्रीटचा मिक्सर फिरत होता. त्या घरघरीत पैठण रोडवरचा तो बंद कारखाना, त्याची काळजी, सगळं लांब लांब गेलं. मी मधूनमधून लेकरांचे श्वास बघत होतो.

"तुम्ही डोळे मिटा जरा," सुभद्राबाई म्हणाली. "मी जागी हाय."

इमारत झाली, तशी शेगडी बाईंबरोबर पुढच्या साइटवर गेली. मी एकच सांगितलं, कितीही गार वाटलं तरी झरोके बुजवायचे नाहीत. थोडी ऊब बाहेर जाते. जाऊ द्यायची.