एकाच रुळावरची दोन मैदानं

वरठीच्या रेल्वे फाटकाशी मला रोज एक गँगमन भेटायचा. रूळ जागेवर धरून ठेवणाऱ्या लोखंडी चाव्या सैल झाल्या की हातोड्यानं ठोकत यायचा आणि गाडीसाठी बाजूला झाला की क्रिकेटचा विषय काढायचा.

“हाच रूळ तिकडं ईडन गार्डनले जाते भाऊ, अन् इकडं वानखेडेले. ईडनवर संध्याकाळी गंगेचा वारा सुटला का बॉल हालते.”

मी त्याला पक्का क्रिकेटवेडा समजत होतो. एकदा विचारलं, “रेल्वेचा पास फुकट, मग तुम्ही गेले काहून नाही?”

“सारे पास बायकोच्या दवाखान्यापायी नागपूरलेच गेले.”

“आता तरी जा.”

“एकटा जाऊन काय करू? मले कुठं क्रिकेट समजते! शौक तिचा होता, भाऊ.”

कोलकात्याची गाडी धडधडत गेली. त्यानं वाकून अजून थरथरणाऱ्या रुळावर तळवा ठेवला आणि फाटक उघडलं तरी उचलला नाही.