परातीत पडलेली ज्वारी

अर्जदार: सौ. भुवनेश्वरी, वय तेहतीस, राहणार सोलापूर, सरकारी कचेरीत लिपिक. स्तनवृद्धी शस्त्रक्रियेस स्वेच्छेने व पूर्ण विचारांती सिद्ध.

डॉक्टरीणबाईंनी तिला दोन वाटा सांगितल्या. स्वतःचीच चरबी काढून तिथं भरायची, तर भुवनेश्वरीच्या अंगावर ती नव्हती. सिलिकॉन बसवायचं, तर ते जन्मभराचं नसतं. पुढं बदलावं लागू शकतं. "आधी छोट्या पिशव्यांत तांदूळ भरा, ब्रामध्ये घालून घरात वावरा. आकाराचा अंदाज येईल."

घरात तांदूळ मूठभर. तिनं मंगळवेढ्याची ज्वारी भरली, तीही सांगितल्याच्या दुप्पट. दुपारपर्यंत पाठ धरली. संध्याकाळी भाकरी थापायला वाकली, तर एक पिशवी निसटून परातीत पडली.

"हे काय गं?" सासूबाई गुरम्मांनी विचारलं.

"ज्वारी, आत्याबाई."

"ते दिसतंय की. हितं कशाला?"

तिनं सगळं सांगितलं. गुरम्मांनी पिशवी तळहातावर तोलली. "पायजे तर कर बाई. पर एवढं वझं घेऊन भाकरी थापणार कोण? मी न्हाय."

भुवनेश्वरीनं निम्मी ज्वारी काढून आरशात पाहिलं. मग उरलेलीही काढली.

रविवारी ती ज्वारी दळून आणली.