गेटावरचं डफडं

मॅडमनी डफडं माझ्या गळ्यात अडकवलं आणि दोन पावलं मागं सरून बघितलं. खिडकीला पडदा नीट बसलाय का ते बघतात तसं.

"किती गोड दिसतेस गं. अगदी ओरिजिनल."

खांद्यावर घोंगडी टाकली होती. नवीकोरी, कामशेतच्या बाजारातली, मानेला टोचणारी. हातात दोन काड्या. मी तेव्हा चौदा वर्षांची. मॅडमच्या बंगल्याच्या लोखंडी गेटावर आम्ही चार पोरं उभी. चारही आमच्या बुद्धवस्तीतली. आत हिरवळीवर स्टेज. स्टेजवर कीबोर्ड, गिटारी. तिथं सरपंचाची पोरगी, किराणावाल्याचा पोरगा आणि बाकीची गावातली पोरं इस्त्रीच्या कपड्यांत बसलेली.

"पाहुण्यांची गाडी आली की वाजवायचं," मॅडम म्हणाल्या. "वाजवत वाजवत त्यांच्या पुढं चालायचं, स्टेजपर्यंत. मग तुम्ही खाली कडेला बसा. जेवण नंतर मिळेल."

पुढं डफडं, मागं पाहुणा, आणि जेवण नंतर. बाईनं काही सोडलं नव्हतं.

आमचं गाव भाजे लेण्यांच्या पुढं, डोंगराच्या पायथ्याला. नाव सांगत नाही. आजूबाजूच्या कुठल्याही गावाचं घाला, फरक पडायचा नाही. मॅडम पुण्याच्या. शनिवार-रविवार बंगल्यावर यायच्या आणि गावातल्या पोरांसाठी त्यांची एक संस्था होती. माझी आई त्यांच्याकडं स्वयंपाकाला. संस्थेत दर वर्षी परदेशातून कुणीतरी पोरगं नाहीतर पोरगी यायची आणि आम्हाला काहीतरी शिकवून जायची. एकदा इंग्रजी, एकदा चित्रं. त्या वर्षी संगीत. शिकवायला आलेली क्लेअर, एकोणीस वर्षांची. शाळा संपली होती, कॉलेज सुरू व्हायचं होतं. मधलं एक वर्ष तिनं मोकळं ठेवलेलं. त्याला गॅप इयर म्हणतात हे मला तिच्याकडून कळलं. आमच्या वस्तीत पोरगी बारावीनंतर घरी बसली की लोक विचारतात, नापास झाली का, स्थळ बघताय का. हिच्याकडं पोरगी घरी बसत नाही. गरिबांचं भलं करायला विमानात बसते.

गाणं तिला बरं यायचं. खोटं कशाला बोलू. पण शिकवायचं कसं, ते ती आमच्यावरच शिकत होती. आमच्यावर हात साफ करून घेत होती म्हणा. निम्मा तास शिकवायचा, निम्मा तास फोटो काढायचे. शेणानं सारवलेल्या अंगणाचा फोटो, आमच्या फाटक्या चपलांचा फोटो. धड चपला घालून गेलं की काढायची नाही.

पहिल्या दिवशी मॅडम तिच्या शेजारी खुर्ची टाकून बसल्या होत्या. एकेका पोराला नाव विचारलं. नाव झालं की, "आणि आडनाव?" आडनाव ऐकून त्या क्लेअरच्या कानाशी लागायच्या. गावातल्या पोरांना वाद्यं मिळाली. आम्हा चौघांना टाळ्या धरायला बसवलं. क्लेअरला वाटलं असेल, काय मायाळू बाई, सगळ्यांची चौकशी करते.

पण माझ्या घरात पेटी होती. वडलांची गायन पार्टी. जयंतीला कामशेत, वडगाव, पार तळेगावपर्यंत बोलावणं यायचं. वडील गायचे, चुलता ढोलकीला. पेटीवर माझी बोटं लहानपणापासून फिरलेली. एकदा सगळे गेल्यावर मी कीबोर्डवर वडलांची एक चाल वाजवली. क्लेअरनं ऐकलं आणि दुसऱ्या दिवसापासून मला कीबोर्डवर बसवलं. तेवढं तिचं मानते. अख्खा पावसाळा मी त्या कीबोर्डवर काढला. भुशी धरणावर लोक भिजायला जात होते तेव्हा मी दोन्ही हातांनी वेगवेगळं वाजवायला शिकत होते. पेटीला एक हात भात्यावर लागतो, म्हणून घरी पाटावर खडूनं पट्ट्या काढून दोन्ही हातांची बोटं चालवायचे. आई म्हणायची, "पोरगी याडी झालीया." मला बाकी काही नको होतं. कार्यक्रमात वाजवायचं होतं. वडील बघायला येणार होते.

मधे एकदा क्लेअर आमच्या घरी जेवायला आली. वडलांचं गाणं ऐकून डोळे पुसले आणि म्हणाली, तुमच्या रक्तातच ताल आहे. आईनं मला विचारलं, "काय म्हनती?" मी सांगितलं. कोपऱ्यात बसलेले माझे आबा, वडलांचे वडील, हसले.

"रगतात कुटला ताल? येठबिगारी व्हती ती."

ते मी तिला सांगितलं नाही. वेठबिगारीला इंग्रजीत काय म्हणतात ते मला येत नव्हतं.

आबांचा बाप गावचा येसकर, वेशीची राखण करणारा. पाटलाकडं पाहुणा आला की वेशीवर उभं राहायचं, खांद्यावर घोंगडी, गळ्यात डफडं. वाजवत पाहुण्याच्या पुढं चालायचं. पंगत उठली की उरलंसुरलं घोंगडीच्या पदरात घ्यायचं. धर्मांतर झालं त्या साली वस्ती एकत्र बसली आणि ठरलं, मेलेलं ढोर ओढायचं नाही, डफडं वाजवायचं नाही. आबांच्या बापानं विळ्यानं डफड्याचं कातडं फाडलं आणि कडं इंद्रायणीत सोडलं. गावानं पाणवठा बंद केला. भाताच्या लावणीला कुणी बोलावलं नाही. वस्तीनं रानातली भाजी उकडून खाल्ली. माणसं रेल्वेच्या लाइनीवर खडी फोडायला लोणावळ्यापर्यंत चालत गेली. पण डफडं पुन्हा हातात घेतलं नाही. आमच्याकडं ढोलकी वाजते, पेटी वाजते. ती आमच्या मर्जीनं वाजते. डफडं दुसऱ्याच्या हुकमावर वाजायचं.

हे सगळं मॅडमना माहीत होतं का? गावात त्यांच्या सासऱ्यांची जमीन. जुन्या गोष्टी रंगवून सांगायची मॅडमना हौस. माहीत नसायला काय झालं? कार्यक्रमाच्या आठवडाभर आधी त्यांनी क्लेअरला सांगितलं, यांच्या समाजाची फार जुनी वादनाची परंपरा आहे, ती मरत चाललीय, आपण जिवंत करू. क्लेअरचे डोळे पुन्हा भरले. तिचे डोळे भरायला काही लागत नव्हतं. तिचे आईवडील त्याच कार्यक्रमाला यायचे होते. त्यांना अस्सल काहीतरी दाखवायचं होतं. माझा कीबोर्ड सरपंचाच्या पोरीला गेला आणि मला गेटावर उभं केलं. मला हे कळलं ते घोंगडी खांद्यावर पडली तेव्हा.

मी म्हणलं, "मॅडम, मी कीबोर्ड वाजवणार होते."

"कीबोर्ड काय गं, कुणीही वाजवतं. हे तुमचं आहे. तुमची कला आहे ही. लाज कसली वाटते त्यात?"

बंगल्याच्या ओसरीत झोपाळा होता. झोपाळ्यावर मॅडमची नात बसलेली, माझ्याच वयाची, मोबाईल बघत.

"कला आहे ना मॅडम? मग त्या ताईच्या गळ्यात घाला की. आधी तिला वाजवू दे."

मॅडमचा चेहरा असा पडला की मला तिथंच सगळं उमगलं. बाईला कळत होतं. पहिल्यापासून कळत होतं. कला असती तर नातीला मिळाली असती.

"फार आगाऊ झालीस," त्या हळू आवाजात म्हणाल्या. हळू, कारण क्लेअर जवळच होती, हसून फोटो काढत होती. "हे काढलंस तर उद्यापासून क्लासला पाय ठेवायचा नाही. कीबोर्डला हात लावायचा नाही. आईला बोलाव तुझ्या."

आई आली. पुऱ्या लाटत होती, हात पिठाचे.

"घाल गं बाय. तासाभराचं तर हाय."

"आबांला तू सांगशील का? का मी सांगू?"

आईनं पिठाचे हात पदराला पुसले आणि आत गेली. त्या दिवशी तिनं सगळ्या पुऱ्या तळल्या. दुसऱ्या दिवशीही कामाला गेली. घर चालवायचं होतं. ज्यांना तिच्याबद्दल काही बोलायचं असेल त्यांनी आधी आमच्या चुलीपाशी येऊन बसावं.

मी डफडं काढलं. खाली नाही टाकलं. टाकलं असतं तर पोरगी उर्मट म्हणून विषय मिटला असता. मी ते मॅडमच्या हातात दिलं. आणि नेमकी गाडी आली. क्लेअरचे आईवडील उतरले तेव्हा गेटावर रेशमी साडीतल्या मॅडम डफडं धरून उभ्या होत्या. पाहुण्यांनी त्यांनाच हात जोडले.

चौघांतल्या माझ्या चुलत भावानंही गळ्यातलं काढलं. बाकीची दोघं वाजवत गेली. मी चालत घरी. वाटेत वडील भेटले. कार्यक्रमासाठी धुतलेला सदरा घातलेला. मी त्यांना सांगितलं आणि ते माझ्याबरोबर घराकडं माघारी फिरले.

दोन दिवसांनी क्लेअर घरी आली. रडत. तिला फार वाईट वाटलं होतं म्हणे. तिचा शेवटचा कार्यक्रम बिघडला, आईवडलांसमोर कसंतरी झालं. आता बघा, अपमान माझा आणि समजूत तिची. आईनं चहा ठेवला. आबा म्हणाले, "रडू नगं बाय, च्या घे."

"मला माहीत नव्हतं," ती म्हणाली.

"विचारलं होतंस?" मी म्हणलं. एवढं इंग्रजी मला येत होतं.

तिनं चहा अर्धा ठेवला. वर्ष संपलं, कॉलेजात गेली. कीबोर्डला माझा हात परत लागला नाही. कित्येक वर्षं, नोकरीला लागून मी स्वतः घेईपर्यंत. ती वर्षं मला कुणी परत दिली नाहीत आणि पाटावरच्या खडूच्या पट्ट्यांतून आवाज येत नाही.

क्लेअरनं त्या दिवशी काढलेला फोटो मात्र राहिला. डफडं काढायच्या आधीचा. संस्थेच्या वेबसाइटवर पहिल्याच पानावर अजून मी उभी आहे, घोंगडी पांघरून. तोच बघून दर वर्षी नवी पोरं येतात भलं करायला.

आता मी लोणावळ्यात नोकरी करते आणि रविवारी आमच्या विहारात पोरांना पेटी, कीबोर्ड शिकवते. मागच्या आठवड्यात मॅडमचा फोन आला. आवाजात मध. नवीन मुलगा आलाय, संगीतच शिकवतो, पुढच्या महिन्यात कार्यक्रम आहे. "तू स्टेजवर कीबोर्ड वाजव ना. आमची मुलगी कुठं पोचली ते लोकांना कळू दे. आम्ही विसरलो नाही हो तुला."

आमची मुलगी म्हणे. मी म्हणलं, विचार करून सांगते.

त्याच संध्याकाळी चुलत भावाचा फोन. हाच भाऊ माझ्या शेजारी गेटावर उभा होता. त्याची आठ वर्षांची पोरगी त्या क्लासला जाते. म्हणाला, "आक्के, पोरीला घोंगडीचं माप घ्यायला बोलावलंय. काय करू?"

मी मॅडमना लगेच फोन लावला. म्हणलं, "मी येणारे."

"अरे वा. स्टेजवर किती वाजता—"

"स्टेजवर न्हाई. गेटावर उभी राहणारे. ज्या ज्या पोराच्या गळ्यात डफडं दिसंल, ते मी माझ्या हातानं काढणार आणि तुमच्या हातात देणार. पाहुणे उतरत असतील, तेव्हाच."