दवाखान्याच्या दिवशीची गोळी

मेडिकलच्या शेवटच्या वर्षाला महिनाभर माझी पोस्टिंग कुंभारीला होती, कामगार वसाहतीतल्या एका वयस्कर डॉक्टरांच्या दवाखान्यात. त्यांना मी सर म्हणायचे. मी वर्गात पहिल्या पाचांतली, तेव्हा दोन खोल्यांच्या दवाखान्यात मला कोण काय शिकवणार, असा माझा तोरा. तो अगदीच खोटा नव्हता. बी.पी. मी चोख मोजायचे, आजही मोजते.

विड्या वळणारी एक बाई यायची, पन्नाशीची. लागोपाठ दोन सोमवार तिचं बी.पी. एकशे ऐंशीच्या वर. गोळी रोज घेता का, विचारलं. "व्हय की, रोज." मग प्रश्नच मिटला. मी केसपेपरवर गोळी दुप्पट केली आणि तो सहीसाठी सरांपुढे धरला.

त्यांनी पेन उचललंच नाही. "उद्या हिच्या घरी जाऊन बी.पी. बघून या, डॉक्टर. मग सही."

मला रागच आला. मशीन तेच, दंड तोच, घरी जाऊन आकडा काय बदलणार? पण गेले, तणतणत.

बाई मांडीवर सूप घेऊन विड्या वळत होती. शेजारी खाटेवर तिचा नवरा, एक अंग लुळं पडलेला. मी पट्टा बांधला. एकशे अठ्ठावीस. पुन्हा बांधला. तेच.

"मावशी, आज काय वेगळं केलंत?"

"काय न्हाय. सकाळची गोळी घेतली की."

"आणि दवाखान्यात येता त्या दिवशी?"

"त्या दिवशी कशी घेनार? गोळी खाऊन आलं तर दुखणं तुमाला दिसंल व्हय?"

रोज घेता का, हे मी विचारलं होतं. आज घेतली का, हे नाही. माझी दुप्पट गोळी घेऊन ही चक्कर येऊन कुठंतरी पडली असती, मग खाटेवरच्या माणसाला पाणी कुणी पाजलं असतं? कसली पहिल्या पाचांतली मी!

मी तिला समजावलं. गोळी घेऊनच यायचं, घेतल्यावर बी.पी. किती राहतं तेच आम्हाला बघायचं असतं. तिनं मान हलवली, पण पटलं नव्हतं.

"नक्की घेऊन येणार ना?"

हातातली विडी तशीच धरून ती म्हणाली, "आन् बरं आलं म्हनून बंद झाली तर?"

"कोण बंद करतंय?"

तिनं खाटेकडं पाहिलं. "यांचं बरं आलतं. मीच गोळी बंद केली की."

सोमवारी ती गोळी घेऊन आली. एकशे तीस. आकडा ऐकून तिचा चेहरा उतरला. मी तीच गोळी, तेवढीच लिहिली आणि खाली मोठ्या अक्षरांत 'बंद करू नये' असं लिहून तिला वाचून दाखवलं. सरांनी लगेच सही केली.

"फिरून एकदा वाचा की," ती म्हणाली.