वाव्हळे भाऊसाहेबांचा पळस

वाव्हळे भाऊसाहेबांनी निवृत्तीनंतर जे केलं, ते आमच्या झरी गावात आजवर कुणी केलं नव्हतं. माणसं प्लॉट घेतात, नातवंडं सांभाळतात, निदान शेजाऱ्याशी भांडतात. यांनी कॅमेरा घेतला आणि गावाबाहेरच्या एका पळसाचे फोटो काढायला सुरुवात केली. त्याच एका पळसाचे, रोज. आम्ही दोघं नोकरीभर सरकारी कचेरीत शेजारच्या टेबलांवर बसलो. तिथे त्यांनी एकाही फायलीकडे दुसऱ्यांदा पाहिल्याचं मला आठवत नाही.

जागा चुकू नये म्हणून बांधावरच्या ज्या दगडाशी ते उभे राहत, त्याला त्यांनी चुना फासला. चुन्याचा दगड आणि यंत्र घेतलेला सरकारी माणूस बघून शेतमालक मारोतरावाची खात्रीच पटली, की आपल्या रानातून हमरस्ता जाणार आणि आपलं भलं होणार. सोयाबीन काढणीला येईपर्यंत त्याने भाऊसाहेबांना रोज चहा पाजला. शेवटी न राहवून विचारलं, "साहेब, मोजणी कुठवर आली?"

"कशाची मोजणी? मी झाडाचे फोटो काढायलोय."

दुसऱ्या दिवसापासून चहा बंद झाला.

रोज सकाळी आमच्या निवृत्तांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पळस हजर असे. धुक्यातला पळस, आभाळ भरून आलेला पळस, उन्हात नुसत्या काटक्या उरलेला पळस. आम्ही सगळे न बघताच हात जोडायचो. एकदा मी म्हणालो, "भाऊसाहेब, कुठंही गेलं तरी पळसाला पानं तीनच. तुमी तर कुठं जाईनातच!"

"तीनच हायत," ते शांतपणे म्हणाले, "पण कालची आज न्हाईत."

मी ते हसण्यावारी नेलं.

वहिनींची मागणी साधी होती. लग्नातले फोटो वाळवीने खाल्ले होते. दोघांचा मिळून एक तरी फोटो भिंतीवर असावा. "लोकांच्या घरी जोडीचे फोटो हायत," त्या मला ऐकवत, "आमच्या घरी समदं झाडच झाड."

"काढू की," भाऊसाहेब म्हणत, "उजेड बरोबर न्हाई."

हिवाळ्यात उजेड कोवळा होता, उन्हाळ्यात कडक, पावसाळ्यात तर नव्हताच. पळसाला मात्र कुठलाही उजेड चालायचा.

माघातल्या एका संध्याकाळी मीही त्यांच्यासोबत रानात गेलो. आज तरी काढतील म्हणून वहिनी ठेवणीतली साडी नेसून आल्या होत्या. भाऊसाहेबांनी पळसाचाच फोटो काढला, पडद्यावर पाहिला आणि कपाळावर हात मारला. "अगं, सरकायचं ना बाजूला! तुझी सावली आली. माझीबी आली. गेला फोटो वाया."

"जाऊ द्या वाया," वहिनी म्हणाल्या, "पण पुसू नका. मला द्या."

फाल्गुनात पळस लालभडक फुलला आणि त्याच आठवड्यात भाऊसाहेब झोपेतच गेले.

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला बुद्धमूर्तीशेजारी ठेवायला फोटो हवा होता, आणि तो मिळवायचं काम माझ्याकडे आलं. सापडला तो ऑफिसातला, त्यात साहेबांच्या खांद्यामागून भाऊसाहेबांचा एक कान दिसत होता. आधार कार्डावरचा मोठा करून आणला, तर वहिनी म्हणाल्या, "ह्यो कोण? पोलीस ठाण्यातून आणलाव का?" तिकडे फ्लेक्सवाला फोनवर फोन करत होता, "काका, फोटो पाठवायलाव न्हवं?" हजारो फोटो काढणाऱ्या माणसाचा एक फोटो मिळेना, याचं मला हसू यावं की राग, तेच कळेना.

वहिनींनी कपाट उघडलं आणि साड्यांखालून एक फ्रेम काढली. पळस होता, कळ्यांनी काळवंडलेला. त्याच्या बुडाशी दोन लांब सावल्या पोचल्या होत्या. एक टोपीवाली, कोपरं वर उचललेली. दुसरी डोक्यावर पदर घेतलेली, पहिलीला टेकून उभी. उजेड अगदी बरोबर होता.

"वहिनी, यात तोंड कुठाय?"

"मला वळखू येतंय की," त्या म्हणाल्या.

मला रडू आलं. डोळे पुसून मी फ्रेम बुद्धमूर्तीशेजारी ठेवली आणि हार घालायला गेलो, तसा वहिनींनी माझा हात धरला. हार घेऊन त्यांनी तो फ्रेमच्या एकाच कोपऱ्याला अडकवला, टोपीवाल्या सावलीच्या बाजूला.

"त्यांच्याच अंगाला राहू द्या," त्या म्हणाल्या. "मी हाय अजून."